स्क्रोल सॉ: जाड लाकडात तिरकी येणारी कड अशी सरळ केली

स्क्रोल सॉवर (वर-खाली चालणाऱ्या बारीक ब्लेडने नक्षी कापायचं मशीन) पातळ प्लायवर नक्षी सफाईदार निघायची, पण २० मिमी सागवानात कापलेला तुकडा एकाच बाजूने सुटायचा, दुसऱ्या बाजूने अडकायचा. म्हणजे कड काटकोनात नव्हती.

मशीनच्या टेबलाखालच्या (लाकूड ठेवतो त्या पाट्याखालच्या) कोनाच्या खुणेवर फार विसंबू नका. ४० मिमी जाड टाकाऊ ठोकळ्यात २ मिमी खोल खाच पाडा. मशीन बंद करून ठोकळा ब्लेडमागे न्या आणि वरची बाजू वरच ठेवून अर्धा फिरवा. ब्लेड वरपासून खालपर्यंत खाचेत बसलं तर टेबल सरळ. नसेल तर दिसतो त्याच्या निम्माच फरक टेबलात करा (फिरवल्याने तो दुप्पट दिसतो) आणि नवी खाच पाडून पाहा.

एवढं करूनही कड पोटात फुगली, तर दोष ब्लेडचा. या जाडीला ३ नंबरचं ब्लेड लवचिक पडतं (नंबर मोठा तसं ब्लेड जाड). ५ किंवा ७ लावा. ताण असा हवा की बोटाने बाजूला ढकललं तर ब्लेड जेमतेम ३ मिमी हलेल. आणि रेटू नका! रेटलं की ब्लेड वाकतंच.

कापताना ब्लेड रेघेवरून उजवीकडे ओढलं जातं ते मात्र वेगळं: बहुतेक ब्लेडच्या एका कडेला बनवतानाची बारीक धार राहिलेली असते. त्यासाठी टेबलाला हात न लावता लाकूडच किंचित तिरकं धरून सरकवा. कड काळी पडत असेल तर नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा.