जाहिरातीत आधी पगाराची ओळ वाचा

सरकारी भरतीच्या जाहिरातीत पदाच्या नावापेक्षा पगाराची ओळ जास्त बोलते. महाराष्ट्र शासनाच्या नियमित पदापुढे वेतनस्तर (मूळ पगाराची श्रेणी) छापलेला असतो, उदाहरणार्थ ‘एस-६ : १९९००-६३२००’, म्हणजे मूळ पगार महिना १९,९०० ते ६३,२०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे वगैरे वेगळे. त्या जागी ‘एकत्रित मानधन’ असं असेल तर पद बहुधा कंत्राटी. करार साधारण ११ महिन्यांचा, वार्षिक वेतनवाढ नाही, मुदतवाढीची हमीही नाही.

‘पुढेमागे कायम करतील’ यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात स्पष्ट केलंय की नुसती कंत्राटी किंवा हंगामी नोकरी केल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. अनुभव आणि तात्पुरतं उत्पन्न म्हणून ही नोकरी जरूर घ्या, पण स्पर्धा परीक्षेची तयारी सोडू नका.

‘बाह्ययंत्रणेमार्फत’ हा शब्द तर दोनदा वाचा! तिथे काम सरकारी कार्यालयात असलं, तरी नेमणूक आणि पगार ठेकेदाराचा.

गट अ ते ड ही विभागणी पदाच्या दर्जाची. प्रतिनियुक्तीची (ठराविक काळासाठी दुसऱ्या कार्यालयात नेमणुकीची) जाहिरात मात्र आधीच शासकीय सेवेत असलेल्यांसाठी असते. नवख्यांनी ती सोडून द्यावी.