फाशांवरची मोहीम पडद्यावर आणताना: चाहत्यांच्या अपेक्षा आणि पटकथेची तयारी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळावर, म्हणजे ज्यात खेळाडू एकेक पात्र होऊन कथा पुढे नेतात अशा खेळावर, लघुपट किंवा मोठा चित्रपट करू इच्छिणाऱ्या नागपूरच्या तरुण मंडळींसाठी हे टिपण आहे. धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहात रविवारी दुपारी फासे घेऊन बसणाऱ्या खेळाडूंना पडद्यावर काय पाहायचे असते, हे नीट समजून घेतल्याशिवाय पटकथेला हात घालू नये. त्यांना ड्रॅगन हवा असतो हे खरे. परंतु त्याहून अधिक हवा असतो तो पात्रांनी स्वतः घेतलेला निर्णय, त्यातला धोका आणि तो फसल्यावर मोजावी लागणारी किंमत. सगळी तयारी या एका अपेक्षेभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढच्या सर्व सूचना त्यातूनच निघतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक जण डंजन मास्टर होऊन जग आणि प्रसंग मांडतो, उरलेले प्रत्येकी एक पात्र चालवतात, आणि एखादी अवघड कृती साधली की नाही याचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. पुढे काय होणार हे मांडणाऱ्यालाही पक्के ठाऊक नसते. या खेळावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिल्यास चाहत्यांची अपेक्षा लगेच ध्यानात येते. २००० साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रॅगन होते, चोरांची संघटना होती, बिहोल्डरही होता, पण ज्या राक्षसाचा मधला डोळा जादू निष्प्रभ करतो आणि देठांवरचे दहा डोळे निरनिराळे घातक किरण सोडतात, तो तिथे फेकलेल्या दगडाच्या आवाजाने फसून निघून जातो. नाव खेळातले आणि वागणूक एखाद्या झोपाळू पहारेकऱ्याची, हे जाणकार प्रेक्षकाला सहन होत नाही. याउलट २०२३ च्या ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’मध्ये एक पूल ओलांडण्याचे गुंतागुंतीचे नियम समजावून सांगितले जात असतानाच एका पात्राचा पाय चुकून त्यावर पडतो आणि सगळा पूल कोसळतो. डंजन मास्टरने आठवडाभर खपून रचलेले कोडे खेळाडूंनी क्षणात मोडावे, हा अनुभव प्रत्येक टेबलाने, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या प्रत्येक गटाने, घेतलेला आहे. त्यानंतर त्या मंडळींना हाताशी असलेल्या वस्तूतूनच नवा मार्ग शोधावा लागतो, आणि चित्रपट तिथे खऱ्या अर्थाने खेळासारखा वाटू लागतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे खेळाडूंशी बोलणे. मात्र त्यांना ‘चित्रपटात काय हवे’ असे थेट विचारू नये; तसे विचारले की राक्षसांची आणि स्पेलांची (जादूच्या मंत्रांची) यादी मिळते, जी कोणत्याही नियमपुस्तकातून उतरवून घेता आली असती. त्याऐवजी ‘अजूनही ज्याची आठवण निघते असे एखादे सेशन (खेळाची बैठक) सांगा’ असे म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. जवळजवळ प्रत्येक आठवणीत तीनपैकी एक तरी गोष्ट सापडते: काळजीपूर्वक आखलेला बेत पहिल्या पाच मिनिटांत उधळला गेला, डंजन मास्टरने ऐनवेळी सुचलेले नाव देऊन उभे केलेले एखादे किरकोळ पात्र सगळ्यांचे लाडके झाले, किंवा सर्व आशा मावळलेल्या असताना कोणाला तरी नॅचरल ट्वेंटी, म्हणजे फाशावर थेट वीसचा आकडा, पडला. शक्य असल्यास एका पूर्ण सेशनला परवानगी घेऊन बसावे आणि खेळाडू कशावर हसतात, कुठे गप्प होतात, कोणत्या क्षणी उठून उभे राहतात, एवढेच वहीत टिपावे. पटकथेला हीच शिदोरी पुरते.

कच्चा आराखडा लिहिताना मी एक पद्धत आग्रहाने सुचवीन, आणि ती म्हणजे खरेच फासे टाकत लिहिणे. प्रत्येक पात्राची कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या क्षमता आणि कौशल्ये नोंदवण्याचा तक्ता, आधी पूर्ण भरावी. नंतर कथेत जिथे जिथे पात्र काही अवघड करू पाहते, तिथे त्या कृतीची काठिण्यपातळी ठरवावी. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत सोप्या कामाला १०, मध्यमाला १५ आणि कठीणाला २० धरतात; फाशावरचा आकडा आणि पात्राचा बोनस मिळून ही पातळी गाठायची असते. पात्राला त्या कामात ५ चा बोनस असेल आणि पातळी १५ असेल, तर फाशावर १० किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के राहते. आपण ज्याला शूर आणि कुशल समजतो तो नायकसुद्धा जवळजवळ निम्म्या वेळा चुकणार, हे या हिशेबातून लेखकाच्या अंगवळणी पडते. फासा चुकला तर तो प्रसंग खोडू नये. निदान तीन ठिकाणी तरी अपयश जसे पडले तसे ठेवावे आणि कथा तिथून कुठे वळते ते पाहावे. सगळ्याच फाशांचे निकाल अंतिम पटकथेत टिकणार नाहीत आणि टिकूही नयेत, परंतु बेत फसल्यानंतर माणसे जे जुगाड करतात ते आधीपासून शेवट ठाऊक असलेल्या लेखकाला सहसा सुचत नाही. फासे मात्र पडद्यावर दाखवू नयेत. टेबलाभोवती बसलेले मित्र आणि त्यांच्या कल्पनेतले जग यांच्यात सारखी ये-जा करणारे चित्रीकरण हौशी मंडळींना फार आवडते, पण त्यामुळे पात्राच्या जिवाला असलेला धोका दर दोन मिनिटांनी विरून जातो.

यानंतरचा सर्वांत नाजूक मुद्दा जादूचा आहे. खेळातील जादूगाराजवळ दिवसाला मोजकेच स्पेल असतात. मेलेल्याला परत आणणाऱ्या ‘रेझ डेड’ या स्पेलसाठी ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा लागतो आणि तो वापरताच नष्ट होतो. मृतांशी बोलण्याच्या स्पेलमध्ये प्रेताला केवळ पाच प्रश्न विचारता येतात. २०२३ च्या चित्रपटातील स्मशानाचा प्रसंग याच मर्यादेवर उभा आहे आणि पाच हा आकडा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो दुप्पट आनंद देतो. आता याच चित्रपटाने नियम मोडलेही आहेत: नियमांनुसार ड्रुइडला, म्हणजे निसर्गाची जादू वापरणाऱ्या पात्राला, फक्त साध्या प्राण्यांचे रूप घेता येते, आऊलबेअर हा अर्धा घुबड, अर्धा अस्वल असलेला राक्षस त्या वर्गात बसत नाही, तरीही डोरिक हे पात्र आऊलबेअर होते. झलक आल्यावर यावर भरपूर वाद झाला. माझ्या समजुतीप्रमाणे चाहत्यांनी ते शेवटी स्वीकारले, कारण एखाद्या खेळाडूची हौस पाहून ‘चालेल’ म्हणणारा डंजन मास्टर सर्वांच्या परिचयाचा असतो. आकड्यांतली सूट ते देतात. फुकटची जादू मात्र खपवून घेत नाहीत. म्हणून आपल्या पटकथेतील प्रत्येक मोठ्या स्पेलपुढे समासात लिहावे की हा वापरल्यामुळे पात्राने काय गमावले. समास कोरा राहिला तर प्रसंग पुन्हा लिहावा.

पात्रे चारच ठेवावीत, फार तर पाच. योद्धा, चोर, धर्मोपासक आणि जादूगार ही चौकडी जुनी असली तरी अजून उपयोगी आहे (मूळ १९७४ च्या पुस्तकांत चोर नव्हता, तो पुढच्या वर्षी पुरवणीतून आला). प्रत्येकाला एक असा प्रसंग मिळालाच पाहिजे, जो उरलेल्या तिघांना निभावता आला नसता. एकट्या नायकाची गोष्ट कितीही चांगली असली तरी या खेळाच्या चाहत्याला ती परकी वाटते, कारण टेबलावर प्रत्येक जण नायक असतो.

जग कोणते घ्यावे, याचा निर्णय लवकर करावा आणि मग तो बदलू नये. एड ग्रीनवूड यांचे फरगॉटन रेल्म्स हे जग खेळासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे नकाशे, राजवटी, देवता चाहत्यांना पाठ असतात. तिथली कथा करायची तर नावे अचूक वापरावीत आणि त्यांची व्याख्याने देऊ नयेत. आपल्या टेबलाचे होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेले, जग असेल तर ते मोकळेपणाने इथल्या मातीतून घडवावे. वाकाटकांच्या काळापासून वस्ती असलेला नगरधन-रामटेकचा परिसर, गोंड राजांचे जुने किल्ले, पेंचचे साग यांतून उभे राहिलेले राज्य युरोपीय किल्ल्याच्या नकलेपेक्षा केव्हाही अधिक जिवंत वाटेल. दोन्हींची सरमिसळ मात्र टाळावी, कारण फरगॉटन रेल्म्समधल्या नेव्हरविंटर शहराच्या वेशीवर रामटेकची टेकडी दिसली की दोन्ही जगांवरचा विश्वास उडतो.

राक्षस संगणकावर करण्याआधी हाताने करून पाहावेत. या खेळाच्या चाहत्याला टेबलावरच्या लहान मूर्ती हातात घेण्याची सवय असते आणि ज्याला वजन आहे, ज्याची सावली पडते असा प्राणी त्याला अधिक पटतो. २०२३ च्या चित्रपटातही कित्येक प्राणी यांत्रिक पोशाखांतून साकारले होते. नागपूरला याबाबतीत मोठे भाग्य लाभले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या भव्य पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळेही निघतात, आणि बांबूच्या कामट्या, कागद व रंग यांतून माणसाच्या कितीतरी पट उंच आकृती उभारणारे हात याच शहरात आहेत. चितार ओळीतील मूर्तिकारांकडे रेखाटन घेऊन जावे, गणेशोत्सवाच्या आधीचे त्यांचे धावपळीचे दिवस सोडून जावे, आणि कामाचा मोबदला आधी ठरवावा. नटांसाठी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीकडे पाहावे. रात्रभर चालणाऱ्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज तिथल्या कलावंतांनी कमावलेला असतो. बार्ड, म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणारा भाट, या पात्रासाठी तर खडी गंमत ही विदर्भातली लोककला गाजवणारा शाहीर शोधावा. या खेळात बार्डला शब्दांनी टोमणा मारून शत्रूला खरोखर जखमी करता येते, आणि सवाल-जवाबात मुरलेल्या माणसाला ते शिकवावे लागणार नाही.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी चुकवू नये. खेळाचे हक्क विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहेत. चाहत्यांनी केलेली कलाकृती पाहणाऱ्यांना मोफत असेल तर तिला वाव देणारे धोरण कंपनीने जाहीर केले आहे. तिकीट लावायचे असेल तर वेगळा करार लागतो. पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे श्रेय देऊन त्यातील सामग्री वापरता येते. मात्र कंपनीच्या खास ओळखीचे राक्षस, उदाहरणार्थ बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर, आपले म्हणून वापरू नयेत. संरक्षित किल्ल्यांसाठी पुरातत्त्व विभागाची आणि जंगलासाठी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने त्याच्या भरवशावर प्रसंग लिहू नये. चित्रीकरण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे, कारण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात चामडी चिलखत घालून नटांना उभे करणे त्यांच्या प्रकृतीला धोक्याचे आहे.

पहिले संकलन झाले की ते दोन वेगळ्या गटांना दाखवावे: एक खेळणाऱ्यांचा, दुसरा ज्यांनी कधी फासा हातात घेतलेला नाही अशांचा. दुसऱ्या गटाला कथा कुठे कळली नाही ते विचारावे आणि तेवढ्याच जागा दुरुस्त कराव्यात. पहिल्या गटाला ‘खेळाशी प्रामाणिक वाटले का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा शिष्टाचाराचे मिळते. बेत फसतो त्या प्रसंगावर चित्र थांबवून ‘इथे तुमच्या पात्राने काय केले असते’ असे विचारावे. त्यावर खेळाडू आपापसांत तावातावाने भांडू लागले, तर तो प्रसंग आहे तसा ठेवावा. आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिले, तर पात्रांपुढे खरा पर्यायच ठेवलेला नव्हता असे समजून तो प्रसंग पुन्हा लिहून पुन्हा चित्रित करावा.