विंडोज ७ काढून लिनक्स मिंट बसवताना

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच रामराम ठोकला. तरी घरोघरी त्यावर बिनधास्त नेटबँकिंग चालू आहे. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) दोन बदल करा, विंडोज ११ बसतं.’ बसतं हो, पण ४ जीबी रॅमवर ते रांगतं, आणि अशा अपात्र मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्टही देत नाही. विंडोज १० वर जावं, तर त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ लॅपटॉपवर मी सरळ लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवतो, तीही तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

बॅकअप घ्या. त्यात एक गोष्ट हमखास राहते: फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं त्या फॉन्टशिवाय अगम्य अक्षरांची भेळ दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून त्या फायली आधी उचला.

मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवा, रुफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा. वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतंय का, ते इन्स्टॉल न करताच बघून घ्या.

आता खरी गोम. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’वर टिचकी मारा, असं सगळे सांगतात. त्याने अख्खी डिस्क पुसली जाते, म्हणजे फोटोंनी भरलेला ‘डी’ ड्राइव्हही. तो ठेवायचा असेल तर ‘समथिंग एल्स’ निवडा. तिथे सी, डी अशी अक्षरं नसतात, एसडीए१, एसडीए२ अशी नावं असतात. ओळख आकारावरूनच पटवायची. म्हणून विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक ड्राइव्हचा आकार कागदावर लिहून ठेवा. १०० एमबीचं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ आणि जुना ‘सी’ एवढेच डिलीट करायचे. मोकळ्या झालेल्या जागेत एकच पार्टिशन (डिस्कचा भाग) करायचं, प्रकार एक्स्ट४ (लिनक्सची फॉरमॅट पद्धत), ‘माउंट पॉइंट’च्या रकान्यात नुसती तिरकी रेघ (/). ‘डी’च्या ओळीत ‘फॉरमॅट’च्या चौकटीवर खूण नको म्हणजे नको.

त्याच पडद्यावर तळाशी ‘डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन’ असा एक रकाना असतो. बूट लोडर म्हणजे मशीन चालू होताच सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम; तो कुठे बसवायचा, ते इथे ठरतं. मी पहिल्यांदा तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इन्स्टॉल झकास झालं, लॅपटॉप सुरू झाला. पेनड्राइव्ह काढला आणि काळा पडदा! पेनड्राइव्ह लावला की मिंट हजर, काढला की गायब. दोन वेळा पुन्हा इन्स्टॉल केलं, तीच रड. नंतर उलगडलं: त्या लॅपटॉपने पेनड्राइव्हला एसडीए आणि आतल्या डिस्कला एसडीबी ठरवलं होतं, आणि बूट लोडर इमानेइतबारे पेनड्राइव्हवर जाऊन बसत होता. म्हणून एसडीए म्हणजे आतलीच डिस्क, असं धरून चालू नका. इथेही आकारच बघा. ५०० जीबीवाली ती डिस्क, १६ जीबीवाला तो पेनड्राइव्ह. आणि अख्खी डिस्क निवडा, शेवटी आकडा असलेलं पार्टिशन नव्हे.

हे सगळं लेगसी बायोसच्या, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनसाठी; नवी पद्धत ती यूईएफआय. बायोसमध्ये लेगसी आणि यूईएफआय दोन्ही असतील, तर विंडोज ज्या मोडमध्ये होतं त्यातच पेनड्राइव्ह सुरू करा. डिस्कवरच्या पार्टिशनची पद्धत एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर लेगसी. सरमिसळ केलीत तर इन्स्टॉल होऊनही मशीन उठणार नाही, असं होऊ शकतं.

पुढचं सोपं. वाय-फाय नसेल तर फोन केबलने जोडून इंटरनेट घ्या आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर (हार्डवेअरचे ड्रायव्हर बसवणारा प्रोग्रॅम) चालवा. फॉन्ट फाइलवर डबल क्लिक करून बसवा. अपडेट करताना सर्टिफिकेटच्या चुका येऊ लागल्या तर मिंटला शिव्या घालण्याआधी घड्याळ बघा. तारीख दहा-बारा वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा बटण-सेल संपलाय. बहुधा सीआर२०३२ असतो, जुना सोबत नेऊन तसाच आणा.