टॉवरवर अँटेना चढवताय? या चुका टाळा

हौशी रेडिओचा (हॅम रेडिओचा) टॉवर उभा राहिला की हात शिवशिवायला लागतात. एचएफची (३ ते ३० मेगाहर्ट्झ) तीन बँडची यागी (बूम म्हणजे दांड्यावर एलिमेंट म्हणजे नळ्या ओळीने लावलेली, एका दिशेला रोखलेली अँटेना), तिच्यावर सहा मीटर तरंगलांबीच्या बँडची, त्याच्यावर दोन मीटरच्या दोन लांब यागींची जोडी. आणि जागा उरलीच तर चाळीस मीटरचा फिरता डायपोल (दोन भुजांची साधी अँटेना). कागदावर सगळं मावतं. मग पहिलं वादळ किंवा पहिला मोठा पाऊस येतो, तक्रारी सुरू होतात आणि खापर अँटेनावर फुटतं. बहुतेक वेळा अँटेना बिचारी ठीक असते. बिघाड असतो दोन अँटेनांमधल्या अंतरात, मास्टमध्ये (टॉवरच्या माथ्यावरचा, अँटेना धरणारा खांब), नाहीतर केबलच्या सांध्यांत.

सगळ्यात मोठी अँटेना सगळ्यात वर

उंचीच्या मोहापायी होणारी ही चूक सर्वात महागात पडते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात जो दाब असतो, त्याच्या जवळपास दुप्पट १४० च्या वाऱ्यात. मास्टला वाकवणारा जोर काढायचा तर हा दाब, टॉवरच्या माथ्यावर मास्ट जिथे धरलेला असतो त्या वरच्या बेअरिंगपासूनच्या अंतराने गुणायचा. ३०० न्यूटनचा दाब बेअरिंगच्या वर अर्ध्या मीटरवर असेल तर तो जोर १५० न्यूटन-मीटर; तीच अँटेना तीन मीटरवर नेली की ९००. म्हणून सर्वात मोठी अँटेना टॉवरच्या माथ्यालगत आणि सर्वात हलकी टोकाला. मोठ्या अँटेनाला दोन मीटर उंची कमी मिळाल्याने एचएफवर फार बिघडत नाही, पण वाकलेला मास्ट उतरवणं हे भयंकर काम आहे.

मास्ट म्हणून पाण्याचा पाइप वापरू नका. तो आतला दाब सोसायला बनवलेला असतो, वाकण्याच्या ताकदीची हमी त्याच्याबरोबर येत नाही. टॉवरच्या कागदांवर वाऱ्याला आड येणाऱ्या क्षेत्रफळाची मर्यादा दिलेली असते. ती किती वाऱ्यासाठी आणि माथ्यापासून किती उंचीपर्यंत धरली आहे, हे वाचल्याशिवाय बेरजा करू नका.

अंतर अंदाजाने धरणं

वेगवेगळ्या बँडच्या अँटेना एका मास्टवर असल्या की त्रास मोठीचा लहानीला होतो. उलट सहसा नाही. खालची लांब एलिमेंट वरच्या यागीला जमिनीसारखी भासतात आणि तिचा पॅटर्न (कोणत्या दिशेला किती सिग्नल जातो ते) बिघडवतात. चाळीस आणि पंधरा मीटरची जोडी तर बदनामच आहे: ७ मेगाहर्ट्झचं पूर्ण लांबीचं एलिमेंट तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट फ्रीक्वेन्सीवर), म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या आसपास, पुन्हा सुरात येतं (रेझोनंट होतं) आणि पंधरा मीटरच्या यागीतली ऊर्जा ओढून घेतं. दोन्हींमध्ये अंतर वाढवता येत नसेल तर एक अँटेना दुसरीशी ९० अंशांत बसवा. दिशेचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो, पण फरक स्पष्ट जाणवतो.

दोन एकसारख्या व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) यागी एकावर एक लावताना मात्र अंतराला सूत्र आहे. ज्या प्रतलात त्या रचायच्या, त्या प्रतलातली अर्ध्या शक्तीची बीमविड्थ (ज्याच्या दोन्ही कडांना शक्ती निम्मी उरते तो कोन) घ्या. तिच्या निम्म्या कोनाच्या साइनची दुप्पट करा आणि तरंगलांबीला तिने भागा. बीमविड्थ ३० अंश असेल तर उत्तर १.९३ तरंगलांबी येतं. १४४ मेगाहर्ट्झवर साधारण चार मीटर. मास्ट पुरत नाही म्हणून अशाच लांब यागी दीड मीटरवर लावल्या की त्या एकमेकींच्या वाटणीचं खातात आणि दुसऱ्या यागीचा खर्च जवळजवळ वाया जातो. सूत्राच्या पुढे फार ताणलं तर बाजूचे लोब (नको त्या दिशांना जाणारे सिग्नलचे झोत) फुगतात. सगळं नीट जमलं तरी फायदा ३ डेसिबलपेक्षा थोडा कमीच, हे आधीच मान्य करून ठेवा.

जोडी लावल्यावर एकटीपेक्षा वाईट ऐकू येतंय? आधी गॅमा मॅच (एलिमेंटच्या एका बाजूला केबल जोडणारी जुळणी) पाहा. एका यागीचा गॅमा डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे असेल तर दोघी १८० अंश विरुद्ध फेजमध्ये जातात. समोर सिग्नल बुडतो आणि वर-खाली दोन लोब उठतात. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप; १ म्हणजे उत्तम) मात्र निर्दोष दिसतो, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. गॅमा बरोबर असतील तर दोन्ही केबल मोजा: लांबी सारखी हवी आणि केबल एकाच प्रकारची हवी, कारण व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या किती पट वेगाने जातो ते) बदलला की सारखी लांबीही कामाची नाही. दोन ५० ओहमच्या अँटेना नुसत्या टी-कनेक्टरने जोडल्या तर २५ ओहम होतात. पॉवर डिव्हायडर (दोघींत शक्ती वाटणारा जोड) नसेल तर प्रत्येकीला पाव तरंगलांबीच्या विषम पटीतली ७५ ओहमची केबल द्या. प्रत्येक फाटा ११२.५ ओहम दिसतो, दोन मिळून ५६, आणि एवढं चालतं. ही लांबी काढताना व्हेलॉसिटी फॅक्टर धरायला विसरू नका.

एफएमसाठी उभ्या एलिमेंटची यागी धातूच्या मास्टवर मधोमध बसवणं हीसुद्धा नेहमीची चूक. एलिमेंटांना समांतर असलेला मास्ट पॅटर्न विस्कटतो. मास्टपासून आडवा दांडा बाहेर काढून त्यावर ती बाजूला न्या, किंवा त्या भागात फायबरग्लासचा मास्ट वापरा. केबलही एलिमेंटांच्या मधून उभी सोडू नका, मागून काढा.

एसडब्ल्यूआरवर आंधळा विश्वास

केबलमध्ये पाणी शिरलं की एसडब्ल्यूआर कित्येकदा सुधारतो! ३ डेसिबल तोटा असलेल्या केबलच्या टोकाला अँटेनाच नसली तरी खाली रेडिओपाशी एसडब्ल्यूआर ३ दिसतो, आणि अँटेनाजवळचा ३ खाली जेमतेम १.७ होऊन येतो. तेव्हा केबल नवी असतानाच तिच्या टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) आणि पॉवर मीटर लावून तोटा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. यागीही चढवण्याआधी रिफ्लेक्टर (सर्वात मागचं एलिमेंट) जमिनीकडे आणि तोंड आकाशाकडे करून तपासता येते. वर गेल्यानंतर केलेली मोजणी कशाशी ताडायची, हे त्यामुळे ठरतं.

केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. त्यावर रबराची आपोआप एकजीव होणारी टेप, वर विनाइल टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखी पदरं पडून पाणी बाहेर ओघळतं. कनेक्टरच्या अलीकडे केबलला खाली झोल द्या.

लक्षणावरून दोष

रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) फिरताना एसडब्ल्यूआरचा काटा थरथरत असेल तर वळणावरच्या केबलचा गाभा तुटत आलाय किंवा कनेक्टर सैल आहे. काटा न थरथरता एका ठराविक दिशेलाच वाढत असेल तर केबलला हात लावू नका. त्या दिशेला ताणाची तार (टॉवरला आधार देणारी) किंवा दुसरा मास्ट आहे. तारेचे इन्सुलेटरने तुकडे पाडा. पावसात बिघडून उन्हात सुधारत असेल तर बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यामधला जुळणीचा भाग) किंवा फीड पॉइंटवरचा (केबल अँटेनाला जोडते त्या जागेचा) सांधा उघडा.

वर चढण्याआधी ट्रान्समीटर आणि रोटेटर दोन्हींची वीज तोडा, आणि हार्नेसचा एक तरी हूक कायम टॉवरला अडकलेला ठेवा. विजेच्या तारा टॉवर आणि अँटेना पडण्याच्या टप्प्यात येत असतील तर जागाच चुकली आहे.

रोटेटर उत्तर दाखवतोय आणि स्टेशन ईशान्येला मिळतंय, असं वादळानंतर झालं तर मोटर उघडायची घाई नको. मास्ट क्लॅम्पमध्ये घसरलेला असतो. क्लॅम्प आवळून दिशा पुन्हा जुळवा, आणि मास्टवर क्लॅम्पच्या कडेला रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी घसरला की नाही ते खालून दुर्बिणीतूनच दिसेल.