पैसे वाचवायचेत? आधी हे बघा

पगार झाल्यावर पंधरा दिवसात पैसे कुठे जातात तेच कळत नसेल तर बँकेचं मागच्या ३ महिन्यांचं स्टेटमेंट काढा, पेन घेऊन बसा आणि आपोआप कट होणाऱ्या प्रत्येक एंट्रीला गोल करा. फ्री ट्रायल संपल्यावर गुपचूप सुरू झालेलं सबस्क्रिप्शन, जास्तीचं क्लाउड स्टोरेज, न जाणाऱ्या जिमची फी, सगळं दिसेल. महिनाभर वापरलं नाही ते तिथल्या तिथे बंद करा, उद्यावर टाकलं की राहिलंच. आणि नुसतं अ‍ॅप डिलीट करून भागत नाही हं, सबस्क्रिप्शन वेगळं कॅन्सल करावं लागतं.

क्रेडिट कार्ड असेल तर हे नीट वाचा. बिलावर "मिनिमम ड्यू" म्हणून जो छोटा आकडा असतो तेवढाच भरला तर लेट फी वाचते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं! एवढा परतावा कुठलीच बचत देत नाही, म्हणून हातात पैसे आले की आधी कार्ड फेडा, बाकीचं नंतर. पूर्ण बिलासाठी ऑटो पे लावलं तर तारीख चुकायची भीती नाही, फक्त खात्यात तेवढे पैसे ठेवा.

लाइट बिलाचं गणित सोपं आहे, १००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट. म्हणजे २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापत राहिला की १ युनिट गेलं, तेवढ्यातच १० वॅटचा एलईडी १०० तास चालतो. दिव्यावरून मुलांना ओरडण्यापेक्षा गीझर, एसी, इस्त्रीकडे बघा. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर रबर सैल झालंय, बदलून घ्या.

दुकानात मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरून चालू नका, १०० ग्रॅमला किती पडतं ते मोबाइलवर काढा, कधीकधी लहानच परवडतं.

आणि बचत महिनाअखेरीला उरलेल्यातून करायला गेलात तर काहीच उरत नाही, पगाराच्या दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या खात्यात ऑटो ट्रान्सफर लावा, रक्कम छोटी असली तरी चालेल, फक्त त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका.