स्क्रोल सॉला पहिलं पातं कुठलं घ्यावं

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणारं यंत्र. त्याच्या खोक्यात जी दोन-चार पाती फुकट येतात, ती आधी बाजूला ठेवा. नवी माणसं त्यांच्याशी आठवडाभर झगडतात, रेषा सुटते, लाकूड करपतं, आणि आपल्याला हे जमणारच नाही असं ठरवून यंत्र झाकून ठेवतात. आमच्या साखळी गावातच अशी दोन यंत्रं माळ्यावर गेलेली मला ठाऊक आहेत. दोन्ही घरांत हात चांगला होता, पातं चुकीचं होतं.

मी गेली नऊ वर्षं घरच्या पडवीत हे काम करते. चवथीला मखराच्या कमानी, कुणाच्या देवघराची जाळी, कधी दारावरची नावाची पाटी. सुरुवात वडिलांच्या हातकरवतीवर झाली, यंत्र नंतर आलं.

पाती घेण्याआधी यंत्र काय मागतं ते बघा. एका प्रकारच्या पात्याला दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते, ती यंत्राच्या खाचेत अडकते. दुसऱ्याची टोकं साधी, चपटी असतात आणि ती स्क्रूने आवळून धरायची. लांबी दोन्हींची साधारण 5 इंच. पिनवालं लावायला सोपं, म्हणून दुकानदार नवख्याला तेच काढून देतो. मलाही दिलं होतं. पहिल्याच मखरात मोर होता, आणि मोराच्या डोळ्यातून पातं आत घालायचं तर पिन जाईल एवढं भोक हवं, म्हणजे जवळजवळ 5 मिलिमीटर. भोक पाडलं आणि डोळा चोचीला जाऊन मिळाला. दोन दिवसांचं काम गेलं. साध्या टोकाचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. जाळीकाम करायचं असेल तर साधं टोकच घ्या. यंत्र फक्त पिनचं असेल तर साध्या टोकाची पाती धरणारे चिमटे त्याला बसतात का, हे पात्यांवर पैसे घालण्याआधी विचारा.

आता नंबर. 1, 3, 5, 7, 9, 12 असा आकडा चढतो तसं पातं रुंद आणि जाड होत जातं, दाते मोठे आणि विरळ होतात. शून्याच्या खाली मात्र हिशेब उलटा. 2/0 हे 0 पेक्षा बारीक आणि 5/0 त्याहूनही बारीक. 5 नंबरचं पातं अंदाजे 1 मिलिमीटर रुंद, इंचात बारा-तेरा दाते. 2/0 अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, इंचात अठ्ठावीसपर्यंत दाते. 12 नंबर दीड मिलिमीटर रुंद आणि इंचात नऊ-दहा दाते. ऑल्सन कंपनीचं 5 आणि पेगास कंपनीचं 5 तंतोतंत सारखं असेलच असं नाही, म्हणून पाकिटावरचा तक्ता वाचायची सवय लावा.

निवडताना मी दोनच गोष्टी बघते. लाकूड किती जाड, आणि नक्षीत सगळ्यात आवळ वळण कुठलं. जाडीसाठी जुना ठोकताळा असा की कापताना निदान तीन दाते लाकडात असले पाहिजेत. त्याहून कमी असले तर पातं कापत नाही, लाकडाला हिसके देतं आणि बारीक प्लाय टेबलावर थडथडतो. वळणाचं कारण वेगळं. पातं वळतं ते स्वतःच कापलेल्या चिरेत, आणि पाठ रुंद असली की ती चिरेच्या कडांना घासते. तिथेच लाकूड काळं पडतं. म्हणून 3 ते 6 मिलिमीटर प्लायवर नाजूक जाळी असेल तर 2/0 किंवा 1, अर्ध्या इंचापर्यंत 3, अर्धा ते पाऊण इंचाला 5. इंचभर आणि त्यापुढे 7 किंवा 9. 12 नंबर माझ्याकडे आहे, दोन इंची फळीची मोठी वळणं कापायला, आणि वर्षातून एखाद्याच वेळी बाहेर निघतो.

सुरुवातीला एवढे नंबर घेऊ नका. 5 चं एक डझन आणि 3 चं एक डझन, बस. 3 मिळालं नाही तर 2 चालेल. 2/0 चा मोह होतो, कारण ते नाजूक दिसतं आणि नाजूक काम त्यानेच होईल असं वाटतं. पण नवख्याच्या हाताचा जोर त्याला सोसत नाही, दर पाच मिनिटांनी तुटतं.

दात्यांमध्येही प्रकार आहेत. एक दाता सोडून एक असा ‘स्किप टूथ’ भुसा चटकन बाहेर टाकतो आणि थंड चालतो, नवख्याला तोच बरा. त्यातही ‘रिव्हर्स’ लिहिलेलं घ्या. त्याचे खालचे थोडे दाते उलटे, वर तोंड केलेले असतात. साधं पातं खाली जाताना फळीच्या बुडाला कुसळं उठवतं, हे उलटे दाते वर येताना ती साफ करतात. देवघराची जाळी दोन्ही बाजूंनी दिसते, तिथे यामुळे पॉलिश पेपरचं निम्मं काम वाचतं.

पण ते नीट बसवलं नाही तर काही उपयोग नाही, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पातं लावा, दिवा जवळ घ्या, मोटर बंद ठेवून हाताने चाक फिरवून पातं अगदी वर आणा. त्या वेळी दोन ते तीन उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. एकही दिसला नाही तर ते लाकडाला शिवतच नाहीत. पाच-सहा दिसले तर लाकूड उचलायला लागतात. खालच्या चिमट्यात पातं थोडं वर-खाली सरकवून हे जुळवायचं. दाते खाली तोंड करून आहेत ना, हे बोटाचं टोक हलकेच खालून वर फिरवून बघायचं. वर नेताना बोचलं तर बरोबर.

ताणाची परीक्षा कानाने होते. पाठीमागून नखाने पातं छेडलं की स्वच्छ, उंच स्वर यायला हवा. थप्प असा आवाज आला तर अजून आवळा. बाजूने बोट दाबलं तर तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. ढिलं पातं जाड लाकडात पोटाला फुगतं आणि वर सरळ दिसणारा काप खाली तिरका निघतो.

रेषा उजवीकडे पळते ही तक्रार सगळ्यांची असते. दोष हाताचा नाही. पाती ठोकून किंवा कापून घडवताना दात्यांच्या एका अंगाला बारीक कड उठलेली राहते, बहुधा उजव्या, आणि त्या बाजूने पातं जास्त चावतं. फळी थोडी उजवीकडून डावीकडे ढकला, काही अंशच, आठ दिवसांत हाताला आपोआप कळतं. स्पायरल नावाचं पिळदार पातं चारी बाजूंनी कापतं, म्हणून ते सोपं असेल असा समज आहे. सरळ रेषेला ते फार अवघड, आणि चीर रुंद, खरखरीत पडते. ते नंतर.

आपल्याकडच्या लाकडांबद्दल थोडं. शिवण आणि आंबा शिकायला चांगले, मऊ कापतात, मात्र आंब्याच्या कडेला लव राहते. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूसारखी कणी, असते, ती पात्याची धार खाते. पाऊण इंची सागवानावर मी एका पात्याकडून वीस मिनिटांची अपेक्षा धरते. प्लायमधला डिंकही धार बोथट करतो. फणसाचं सुकं लाकूड मंद गतीवर ठेवलं तरच करपत नाही. करपण्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फळीच्या वरच्या बाजूवर पारदर्शक पॅकिंग टेप लावणं. टेपच्या थरामुळे पातं निसरडं चालतं. नक्षीचा कागद टेपवर चिकटवा. धूळ कुठल्याही लाकडाची असो, तोंडाला मास्क हवाच, सागवानाला आणि एमडीएफला (भुसा दाबून केलेल्या फळीला) तर विसरूच नका.

मखराच्या दोन खांबांची नक्षी सारखी हवी असते. 3 मिलिमीटरचे दोन प्लाय पाठीला पाठ लावून कडांना टेपने बांधा आणि 3 नंबरने एकदम कापा. उलगडलं की डावा-उजवा जोड तयार.

पातं कधी बदलायचं? तुटेपर्यंत वाट बघू नका. फळी जरा जोर करून ढकलावी लागली, की बदला. पात्यावर वाचवलेले पैसे सागवानाच्या वाया गेलेल्या तुकड्यात दुपटीने जातात.

आणि आपला पाऊस. जूनपासून पडवीत उघडं ठेवलेलं पातं चार दिवसांत तांबूस होतं, आणि तो गंज पहिल्याच कापात फिकट लाकडाला लागतो. मी शिलाई मशीनचं तेल कापडाला लावून पाती पुसते, झाकणाच्या बाटलीत ठेवते, आत औषधाच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. वापरण्याआधी कोरड्या कापडाने तेल पुसायचं, नाहीतर लाकडावर डाग पडतो. पितळेची पट्टी कापायची असेल तर सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात जा. त्यांच्या करवतीची पातीही साधारण पाच इंचीच असतात आणि साध्या टोकाच्या चिमट्यात बसतात.

पहिल्या डझनातली दोन पाती सरावाला काढा. 6 मिलिमीटर प्लायवर चार आकृत्या काढा: एक वीतभर सरळ रेषा, एक गोगलगाय, एक चौकोन ज्याचे कोपरे जागच्या जागी वळून कापायचे, आणि एक आतलं पान, ज्यासाठी भोक पाडून पातं सोडून पुन्हा लावावं लागेल. शेवटचं पान मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागलं होतं. आता पातं सोडून पुन्हा लावायला अर्धा मिनिट जातो, आणि मखरात अशी साठ-सत्तर पानं असतात.