रानात न्यायची सुरी: पातं रुंद का असावं आणि ते कसं सांभाळावं

सुरी घेताना लोक आधी लांबी बघतात, मग हातात तोलून वजन. रोजचं काम ज्या मापावर अवलंबून असतं ते दुकानात फारसं कुणी विचारत नाही. ते माप म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतची पात्याची रुंदी. कोकणातला कोयता, नेपाळची खुकरी ही रानात राबणारी हत्यारं रुंद पात्याची आहेत, त्याला कारण आहे. ट्रेकला, शेतावर किंवा वाडीतल्या मुक्कामाला एकच सुरी न्यायची असेल तर पातं 15 ते 18 सेंमी लांब, 45 ते 50 मिमी रुंद आणि पाठीशी 4 मिमी जाड असावं.

4 मिमी जाड पाठीची दोन पाती घ्या, एक 25 मिमी रुंद आणि दुसरं 50 मिमी. दोन्ही पाठीपासून थेट धारेपर्यंत सपाट उतरत आलेली. धारेपासून 10 मिमी वर जाडी मोजली तर अरुंद पातं 1.6 मिमी भरतं आणि रुंद पातं 0.8 मिमी. पाठ दोन्हीकडे तेवढीच दणकट, पण कांद्यात किंवा लाकडात शिरणारा भाग रुंद पात्यात निम्म्या जाडीचा. म्हणून अरुंद जाड सुरी गाजर कापत नाही, फोडते. लांबी वाढवून हा फरक पडत नाही, रुंदी वाढवली तरच पडतो.

पण हे गणित उतार पाठीपासून सुरू होत असेल तरच खरं. काही रुंद सुऱ्यांचा उतार फक्त खालच्या 12-15 मिमीत असतो आणि वरचं पातं नुसतं सपाट, पूर्ण जाडीचं. अशा सुरीत रुंदीमुळे फक्त वजन वाढतं. घेताना स्टीलची पट्टी पात्याच्या गालावर, म्हणजे चपट्या बाजूवर, पाठीकडून धारेकडे आडवी टेकवा आणि उजेडासमोर धरा. पट्टी पाठीपासून धारेच्या जवळपर्यंत सलग टेकली पाहिजे. मध्येच कोन पडून खाली फट दिसली तर ती सुरी ठेवून द्या. व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) असेल तर धारेपासून 10 मिमीवर जाडी घ्या. ती 1 ते 1.2 मिमीच्या आत हवी.

लोहाराकडून करून घेत असाल तर ट्रकचा कमानपाटा चांगला, मात्र पाटा तडा न गेलेला हवा. पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, धारेच्या बाजूला द्यायला सांगा, पाठ नरम राहू द्या. तयार झाल्यावर धारेवर जुनी कानस हलकेच ओढून बघा. ती घसरत गेली तर पाणी बरोबर बसलंय, आणि सहज चावली तर धार एका दिवसात वळेल. मुठीत शिरणारा भाग पात्याच्या मानेशी एकदम चौकोनी कापलेला नको, गोलाई ठेवून वळवलेला हवा. चौकोनी कोपऱ्यातच पातं मोडतं.

रुंदीचा दुसरा फायदा फळीवर कापताना कळतो. अरुंद सुरीने कोथिंबीर चिरताना बोटांची पेरं फळीवर आपटतात, म्हणून फळीच्या कडेवर हात बाहेर काढून कापावं लागतं. 45 मिमीच्या पुढे पातं गेलं की मूठ पुरेशी वर राहते आणि पूर्ण धार फळीवर टेकते. डाव्या हाताच्या पेरांना टेकून चालायला उंच भिंत मिळते, त्यामुळे पातं बोटावर चढत नाही. चिरलेला कांदा पात्यावरच उचलून टोपात टाकता येतो. लसूण-आलं ठेचायला पात्याची चपटी बाजू पुरते. त्या वेळी धार आपल्यापासून पलीकडे हवी.

पावसाळ्यात ओल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड काढायचं असेल तर ठोकून फोडणं हाच मार्ग. मनगटाएवढं जाड, 25-30 सेंमी लांब, सरळ रेषेचं, गाठ नसलेलं वाळकं लाकूड घ्या. ते दुसऱ्या ओंडक्यावर उभं करा आणि गुडघ्यावर बसा. उकिडवं बसलात तर निसटलेली सुरी मांडीत येते. धार लाकडाच्या तोंडावर ठेवा, टोक पलीकडे किमान 5 सेंमी बाहेर राहू द्या, आणि हातभर लांब लाकडी दांडक्याने पाठीवर ठोका. दगड किंवा हातोडी वापरू नका, पाठीला मार बसून कड फुटते. पाठ लाकडात बुडाली की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोका.

इथेच 25 आणि 50 मिमीचा फरक डोळ्यांना दिसतो. अरुंद पात्याची पाठ 25 मिमीवरच आत जाते. तेव्हा चीर उथळ असते, आणि पुढचं सगळं काम टोकावर ठोकून करायचं, म्हणजे सगळा ताण मुठीच्या सांध्यावर. रुंद पातं पाठ बुडेपर्यंत 50 मिमी आत गेलेलं असतं, आणि एवढ्या लांबीचं सरळ लाकूड बहुतेकदा त्याआधीच दुभंगतं. सुरी अडकली तर पिळू नका. पातळ धार पिळल्याने वळते किंवा तिला दाते पडतात. चिरेत लाकडाची पाचर घाला आणि सुरी सरळ वर काढा. जिवंत झाडाला हात लावू नये, आणि जिथे शेकोटीला बंदी आहे तिथे हा खटाटोप करूच नये.

रुंद पात्याला न जमणारी कामंही आहेत. लाकडी चमच्याची वाटी कोरणं, भोक पाडणं, मासा साफ करणं, यांत ते वळत नाही. रुंद गाल लाकडाला घासतो आणि कोवळ्या ओल्या लाकडात दाटतो. बटाट्याच्या चकत्या गालाला चिकटतात. फणस कापायच्या आधी धारेलाच नव्हे, दोन्ही गालांना खोबरेल तेल चोळा, नाहीतर चीक धुऊन निघणार नाही. म्हणून सोबत 8-9 सेंमीची एक बारीक सुरी ठेवावी. दोन्ही मिळून वजन एका जाडजूड सुरीपेक्षा फार होत नाही.

धार लावायला रुंद पातं सोपं, हे नवख्यांना खरं वाटत नाही. दगडावर पातं सरकवताना हात थरथरून पाठ 1 मिमी वरखाली झाली तर 25 मिमी रुंद पात्याचा कोन सव्वादोन अंशांहून जास्त बदलतो, 50 मिमी पात्याचा जेमतेम सव्वा अंश. तीच चूक निम्मी होते. कोन ठरवायलाही रुंदीच कामी येते: 50 मिमी रुंद, 4 मिमी जाड पात्याला एका बाजूने 20 अंशांची धार हवी तर पाठीची खालची कड दगडापासून 15 मिमी वर धरायची. लाकडाची 15 मिमी जाडीची चिपटी कापून घ्या, पाठीखाली ठेवून उंची डोळ्यांत भरा, मग काढून सुरू करा. आधी 400, मग 1000 नंबरचा दगड. एका बाजूची धार घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या नखाला पूर्ण लांबीभर बारीक कंगोरा लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके पाच-सहा हात आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने, पाठ पुढे ठेवून, ओढा. बांबूवर काम केलं असेल तर त्याच संध्याकाळी पाजवा. बांबूत सिलिका असते, ती धार लवकर खाते.

ग्राइंडरवर धार लावून घेणं टाळा. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं, ती जागा पुन्हा धार धरत नाही. ती निळी कड पूर्ण घासून काढावी लागते.

वर्षानुवर्षं पाजवून 50 चं पातं 45 वर आलं की नवी धार जिथे येते तिथली जाडी आधीच 0.4 मिमी असते. सुरी केस कापते पण भाजीत अडते, ती या अवस्थेत. मग पातं जवळजवळ आडवं ठेवून धारेच्या वरचा खांदाही घासून पातळ करायचा. 25 मिमी पात्यातून तेवढेच 5 मिमी गेले तर जाडी 0.8 मिमी होते आणि ती सुरी कामातून गेल्यातच जमा.

म्यान घेताना धारेकडची शिवण बघा. रुंद पातं आत सरकताना धार शिवण कापत जाते, म्हणून तिथे चामड्याचा जादा थर आणि रिव्हेट हवेत. म्यान धरताना धारेकडच्या बाजूला बोटं गुंडाळू नका. पावसाळ्यात चामडी म्यानात सुरी ठेवून दिली की आठवड्यात गंज चढतो. पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ती बाहेर ठेवा.

50 मिमीचं माप सांगितलं त्याला कायद्याचंही कारण आहे. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची नसेल तर, धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडते. 2 इंच म्हणजे 50.8 मिमी. शेतावरचा कोयता शेतावर ठीक, तोच एसटीत उघडा नेला तर समजावणं कठीण, आणि पोलिसांचा मनाई आदेश लागू असेल तर लहान सुरीही अडचणीची. अभयारण्याचा नियम वेगळा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरीही शस्त्रात धरली आहे आणि लेखी परवानगीशिवाय ती आत नेता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना इथे जाताना मोठी सुरी घरीच ठेवा, आणि भाजी चिरून डब्यात भरून न्या.